सुभेदाराचे हात आणि वाचकांचा निवाडा

१

मराठी लेखनात पंतय पिलात ही आता व्यक्तिरेखा राहिलेली नाही. तो एक वाक्प्रचार झाला आहे. निर्णयाची वेळ आली असता अंग काढून घेणाऱ्या कोणाही सुशिक्षित माणसाचे वर्णन करायचे झाले की लेखकाला पिलाताचे धुतलेले हात आठवतात. त्या आठवणीत निंदा असते. पण निंदेच्या जोडीला एक प्रकारची सहानुभूतीही असते. पिलाताला सत्य दिसत होते, आरोपीला सोडावे असे त्याला वाटत होते, तो फक्त दुबळा पडला, असे हे आकलन. त्याच प्रसंगातील दुसरा अधिकारी म्हणजे प्रमुख याजक कयफा. त्याच्या वाट्याला एवढेही येत नाही. त्याचे नाव बहुतेकांच्या स्मरणात नसते आणि त्याच्या जागी 'यहूदी' हा समूहवाचक शब्द येऊन बसतो. रोमच्या वाट्याला द्विधा मनःस्थितीतला एक चेहरा आणि यहूदियाच्या वाट्याला चेहरा नसलेला जमाव, अशी ही वाटणी आहे. ती वाचकाच्या इतकी अंगवळणी पडली आहे की ही वाटणी आहे हेच त्याच्या ध्यानात येत नाही.

ती संहितेने केली की वाचनव्यवहाराने, हा प्रश्न साहित्यसमीक्षेचा आहे. तो धर्मशास्त्राच्या अभ्यासकांवर सोपवून मोकळे होता येणार नाही. फादर थॉमस स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' (१६१६) आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांनी आरंभिलेले व त्यांच्या मृत्यूनंतर लक्ष्मीबाईंनी पुढे नेलेले 'ख्रिस्तायन' हे मराठी वाङ्मयेतिहासाचे भाग आहेत. पदव्युत्तर वर्गात त्यांची चर्चा होते ती ओवीच्या अंगाने, भाषेच्या अंगाने, फार तर भक्तिपरंपरेशी असलेल्या नात्याच्या अंगाने. खटल्याचा प्रसंग आला की करुणरसाचा निर्देश करून समीक्षक पुढे सरकतो. खटला हा मुळात एक संस्थात्मक व्यवहार आहे. त्यात अधिकार कोणाचा, आरोप कोणता, शिक्षा कोणत्या कायद्याची, हे प्रश्न रसचर्चेच्या आधी उपस्थित होतात, याची दखल कोठेही घेतली जात नाही.

येशूचा खटला हा परकीय साम्राज्याच्या अमलाखालील प्रांतात चाललेला खटला होता. त्यात स्थानिक अभिजनांनी माणूस धरून दिला आणि साम्राज्याने त्याला मारले. ही दुपेडी रचना बाजूला ठेवून केलेले कोणतेही वाचन संहितेच्या दृष्टीने सदोष आणि परिणामांच्या दृष्टीने अन्यायकारक ठरते. मराठी वाचकाला तर ही रचना ओळखण्यासाठी जेरुसलेमला जाण्याची गरज नाही. चांद्याच्या तुरुंगापर्यंत जाणे त्याला पुरेसे आहे.

२

प्रथम कायद्याची बाजू. इ.स. ६ मध्ये हेरोदपुत्र अर्खेलाव याला पदच्युत करून रोमने यहूदिया थेट आपल्या प्रशासनाखाली घेतला. गालील मात्र हेरोद अंतिपाकडे राहिला. पिलात इ.स. २६ ते ३६ या काळात यहूदियाचा अधिकारी होता. त्याचे नेमके पद काय, याविषयी बराच काळ टॅसिटसच्या शब्दप्रयोगावर विसंबून राहावे लागले. १९६१ साली कैसरिया येथे त्याच्या नावाचा शिलालेख सापडला आणि तो 'प्रीफेक्ट' होता हे निश्चित झाले. हे पद मूलतः लष्करी आहे. सैन्य, महसूल आणि देहदंडाचा अधिकार या तिन्ही गोष्टी त्याच्या हाती एकवटलेल्या होत्या. रोमचा नागरिक नसलेल्या प्रांतवासीयावर खटला चालवताना त्याच्यावर पंचमंडळाचे बंधन नव्हते आणि ठरावीक कार्यपद्धतीचेही नव्हते. आरोप ऐकून स्वतःच्या विवेकाने निकाल देण्याची ही पद्धत रोमन कायद्यात 'कॉग्निटिओ' या नावाने ओळखली जाते. अशा अधिकाऱ्याला 'जमावाने भाग पाडले' असे म्हणताना वाचकाने निदान एकदा अडखळायला हवे होते.

दुसरी बाजू प्रमुख याजकपदाची. हे पद धार्मिक होते आणि लोकांच्या दृष्टीने अत्यंत पवित्रही होते. पण रोमन अमलात त्यावरची नेमणूक रोमचा अधिकारी करीत असे. कयफाची नेमणूक पिलाताच्या आधीचा प्रीफेक्ट वालेरिअस ग्राटुस याने केली. पिलाताच्या संपूर्ण कारकिर्दीत कयफा त्या पदावर टिकला आणि पिलात गेल्यावर लवकरच सिरियाचा प्रांताधिकारी विटेलिअस याने त्याला दूर केले. जोसेफस या यहूदी इतिहासकाराने नोंदवलेला एक तपशील या संबंधाचे स्वरूप कोणत्याही सिद्धान्तापेक्षा स्पष्टपणे सांगतो. प्रमुख याजकाची सणाची पवित्र वस्त्रे रोमच्या ताब्यात, अंतोनिया गढीत, मोहोरबंद ठेवलेली असत. सणापुरती ती बाहेर काढून दिली जात आणि नंतर परत घेतली जात. ज्याच्या अंगावरची वस्त्रेदेखील परकीय सत्तेच्या कोठीतून येतात, त्याच्या सभेला 'यहूदी राष्ट्राचे न्यायालय' म्हणणे हा शब्दांचा गैरवापर आहे.

या सभेला देहदंडाचा अधिकार होता काय, हा वाद जुना आहे. योहानाच्या शुभवर्तमानात याजक स्वतःच तसा अधिकार नसल्याचे पिलाताला सांगतात. मंदिराच्या विध्वंसाआधी चाळीस वर्षे हा अधिकार गेला, अशी परंपरा तालमुदातही आहे. उलट बाजूला काही पुरावे आहेत. मंदिराच्या आतील आवारात परकीयाने पाऊल टाकल्यास मृत्यू ओढवेल, असा इशारा देणारा ग्रीक शिलालेख १८७१ साली सापडला. स्तेफनाला दगडमार करून मारल्याचे प्रेषितांच्या कृत्यांत सांगितले आहे. झां ज्युस्तेरने १९१४ मध्ये आणि लीत्समानने १९३१ मध्ये असा अधिकार होता, हे मत मांडले. शेर्विन-व्हाइटने १९६३ मध्ये रोमन प्रांतीय प्रशासनाच्या आधारे ते नाकारले. निर्णायक ठरावे असे उदाहरण जोसेफस देतो. इ.स. ६२ मध्ये एक रोमन अधिकारी मरण पावला आणि त्याच्या जागी आलेला अधिकारी वाटेतच होता. तेवढ्या अवकाशात प्रमुख याजक अनानुसने येशूचा भाऊ याकोब याला मारवले, आणि त्याबद्दल त्याला पद गमवावे लागले. सभा मारू शकत होती, पण मारण्याची परवानगी तिच्याजवळ नव्हती, एवढा निष्कर्ष यातून निघतो.

३

धार्मिक पार्श्वभूमीविषयी बोलताना एक प्रचलित युक्तिवाद प्रथम बाजूला सारला पाहिजे, कारण तो विद्वत्तेचा आव आणतो. मिश्नाच्या सान्हेद्रिन प्रकरणातील नियम समोर ठेवले जातात: देहदंडाचा खटला दिवसाच चालवावा, दोषी ठरवण्याचा निकाल त्याच दिवशी देऊ नये, म्हणून शब्बाथाच्या किंवा सणाच्या पूर्वदिवशी असा खटला घेऊच नये, आणि देवाचे नाम प्रत्यक्ष उच्चारल्याविना देवनिंदेचा दोष लागू होऊ नये. मग मार्कच्या वृत्तान्तातील रात्रीची बैठक या नियमांशी ताडून पाहिली जाते आणि किती नियम मोडले याची यादी तयार होते. यादी जितकी लांब तितका यहूदी न्याय ढोंगी, असा निकाल आधीच ठरलेला असतो.

या युक्तिवादात दोन दोष आहेत. मिश्नाचे संकलन इ.स. २०० च्या सुमारास रब्बी यहूदा हानासी यांनी केले. मंदिर पडल्यावर, सभेचा देहदंडाचा अधिकार पूर्णपणे संपल्यावर, रब्बींनी न्याय कसा असावा याचे जे चित्र रेखाटले ते तेथे ग्रथित झाले आहे. त्यातील कोणता नियम इ.स. ३० च्या सुमारास कयफाच्या सभेत पाळला जात होता हे गृहीत धरता येत नाही. कयफा तर रब्बींच्या परंपरेचा नसून मंदिराच्या याजकवर्गातला होता. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. जी परंपरा एका माणसाचा जीव वाचवणे म्हणजे जग वाचवणे असे मानते आणि देहदंड जवळजवळ अशक्य होईल इतक्या अटी घालते, तिचा ग्रंथ तिच्याच विरुद्ध आरोपपत्र म्हणून वापरला जातो.

संहितेकडे सरळ पाहिले तर काय दिसते? मार्क आणि मत्तय रात्रीच्या चौकशीचे वर्णन करतात, लूक ती सकाळी घडवतो, आणि योहानात सभेपुढील खटलाच नाही. हन्नाने केलेली विचारपूस तेवढी आहे. सणाचा दिवसही चारही ठिकाणी एक नाही: पहिल्या तिघांत वल्हांडणाचे भोजन होऊन गेले आहे, योहानात ते व्हायचे आहे. ज्या भागाविषयी शुभवर्तमानांचे एकमत नाही तो भाग वाचकांच्या मनात सर्वांत ठसठशीत आहे. ज्याविषयी चौघांचेही एकमत आहे तो मात्र अंधुक राहिला आहे: शिक्षा पिलाताने दिली, ती सैनिकांनी अमलात आणली, आणि दोषपत्रावर 'यहूद्यांचा राजा' असे लिहिले होते. ही शिक्षा रोमची आहे आणि दोषपत्रावरील गुन्हाही रोमचाच आहे. देवनिंदेला मोशेच्या नियमशास्त्रात दगडमाराची शिक्षा आहे. राजेपणाचा दावा हा सम्राटाच्या सार्वभौमत्वाविरुद्धचा अपराध आहे. लूक तर पिलातापुढील आरोप कलमवार देतो: लोकांना बिथरवणे, कैसराला कर देण्यास मनाई करणे, स्वतःला राजा म्हणवणे. सभेत जे धार्मिक होते ते पिलाताच्या दारात आल्यावर राजकीय भाषेत मांडले गेले. हे भाषांतर हाच या खटल्याचा गाभा आहे.

याजकांनी ते का केले? योहानाच्या अकराव्या अध्यायात सभेची चर्चा येते. रोमन येतील, आपले स्थान आणि आपले राष्ट्र दोन्ही बुडवतील, त्यापेक्षा एकाने मरावे हे बरे, असा कयफाच्या म्हणण्याचा आशय. ही भीती काल्पनिक नव्हती, इ.स. ७० मध्ये नेमके तेच घडले. येथे द्वेषापेक्षा मध्यस्थाचा हिशेब अधिक आहे. जोसेफसने आणखी एका येशूची हकीकत दिली आहे, अनन्याच्या मुलाची. इ.स. ६२ च्या सुमारास तो सणाच्या वेळी जेरुसलेमच्या नाशाची भविष्यवाणी ओरडत हिंडू लागला. नगरातील पुढाऱ्यांनी त्याला धरून मारहाण केली आणि रोमन अधिकारी अल्बिनुसपुढे नेले. हाडे दिसेपर्यंत फटके मारून, वेडा ठरवून अल्बिनुसने त्याला सोडून दिले. रचना तीच आहे, फक्त शेवट वेगळा. शेवट कोणाच्या हाती होता हेही त्यातून उघड होते.

४

मग पिलात दयाळू कसा झाला? मार्कमध्ये तो आश्चर्य करणारा, पण व्यवहारी अधिकारी आहे. मत्तयात त्याच्या पत्नीला स्वप्न पडते आणि तो हात धुतो. निरपराध रक्तापासून आपण अलिप्त असल्याचे दाखवण्यासाठी हात धुण्याचा विधी अनुवादाच्या एकविसाव्या अध्यायात इस्राएलाच्या वडिलांना सांगितलेला आहे. रोमन अधिकाऱ्याच्या हातून तो करवून मत्तयाने यहूदी विधी रोमला बहाल केला आणि त्याच क्षणी रक्ताची जबाबदारी लोकांच्या तोंडून लोकांवर ठेवली. लूकमध्ये पिलात तीन वेळा निर्दोषत्व जाहीर करतो. १८८६–८७ च्या हिवाळ्यात इजिप्तमध्ये सापडलेल्या पेत्राच्या नावावरील शुभवर्तमानाच्या तुकड्यात तर आज्ञा हेरोद देतो. पुढे इथिओपियाच्या चर्चपरंपरेत पिलाताला संतांमध्ये स्थान मिळाले.

ही वाटचाल एका दिशेने जाते. रोमन साम्राज्यात राहून आपला धर्म सांगणाऱ्या छोट्या समुदायाला आपला प्रभू रोमने राजद्रोही म्हणून मारला, हे सांगणे सोयीचे नव्हते. फिलो आणि जोसेफस यांनी रेखाटलेला पिलात हट्टी आणि निष्ठुर आहे. गरिज्जीम डोंगराकडे निघालेल्या शोमरोनी लोकांची कत्तल केल्यामुळे त्याला पद सोडून रोमला जाब देण्यासाठी जावे लागले. पॉल विंटर (१९६१) आणि इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती हैम कोहन (१९६८) यांनी हा मुद्दा लावून धरला. कोहन यांनी तर याजक येशूला वाचवू पाहत होते असे प्रतिपादन केले. ते स्वीकारणे अवघड आहे, कारण संहितेतील कोणताच धागा त्याला आधार देत नाही. सगळा वृत्तान्त कल्पित ठरवणाऱ्यांचे म्हणणेही टिकत नाही. बाहेरच्या साधनांतही, टॅसिटसकडे, पिलाताने दिलेला मृत्युदंड नोंदलेला आहे. बचावपक्षाचा वकील आणि फिर्यादी पक्षाचा वकील या दोन भूमिकांपलीकडे समीक्षकाची म्हणून एक जागा असते, आणि ती या वादात बहुधा रिकामी राहिली आहे.

५

मराठीत ही जागा भरून काढण्याची एक संधी भाषांतरांनी दिली होती. रूढ मराठी बायबलमध्ये सान्हेद्रिनला 'न्यायसभा', पिलाताला 'सुभेदार', त्याच्या निवासाला 'वाडा', देवनिंदेला 'दुर्भाषण' आणि क्रूसाला 'वधस्तंभ' असे शब्द आहेत. यांतील 'न्यायसभा' हा शब्द जास्त बोलतो. याजक, वडील आणि शास्त्री यांच्या सल्लागार मंडळाला तो स्वतंत्र न्यायालयाचा दर्जा देतो. 'वधस्तंभ' कमी बोलतो. वध कोणीही करू शकतो, आणि स्तंभ कोणत्याही राज्यातला असू शकतो; गुलाम आणि बंडखोर यांच्यासाठी रोमने राखून ठेवलेली ही जाहीर शिक्षा आहे, ही माहिती त्या संस्कृत घडणीत बुजून जाते. एका शब्दाने स्थानिक सभेचे वजन वाढते आणि दुसऱ्याने साम्राज्याचे वजन घटते. वाटणीचे मूळ इतके खोल आहे.

'सुभेदार' हा शब्द मात्र अचूक पडला आहे, आणि त्याच्याकडेच मराठी वाचकाचे लक्ष गेलेले नाही. सुभेदार म्हणजे दूरच्या सत्तेने नेमलेला, वसूल आणि बंदोबस्त यांसाठी जबाबदार, वरच्याच्या मर्जीवर टिकणारा अधिकारी. राजुऱ्यासारख्या गावाला हा शब्द कोशात पाहावा लागत नाही. वर्धा नदीच्या पश्चिमेचा हा तालुका १९४८ पर्यंत निजामाच्या मुलखात होता. आदिलाबाद जिल्ह्यातून १९५६ साली तो नांदेडला जोडला गेला आणि १९५९ साली चांद्याला. नदीच्या पूर्वेला बल्लारपूर-चांद्याकडे इंग्रजांचा कायदा, पश्चिमेला निजामाचा. दोन्ही तीरांवर माणसे तीच, मराठी आणि गोंडी बोलणारी. आरोपी गालीलचा आहे असे कळताच पिलात त्याला हेरोदाकडे पाठवतो, हा लूकमधील प्रसंग इतरत्र विनोदी वाटत असेल. दोन हद्दींच्या काठावर राहिलेल्या प्रदेशात तो रोजचा व्यवहार आहे.

६

याच प्रदेशात १८५८ मध्ये असाच एक दुपेडी खटला घडला. नागपूरचे भोसले राज्य १८५४ साली खालसा झाले आणि चांदा इंग्रजी अमलाखाली आला. अहेरी परिसरातील मोलमपल्लीचे गोंड जमीनदार बाबुराव पुलेश्वर शेडमाके यांनी १८५८ साली सशस्त्र उठाव केला. एप्रिलअखेरीस चिंचगुंडी येथील तारखात्याच्या तळावर हल्ला झाला आणि दोन गोरे कर्मचारी मारले गेले. चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याने अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर दडपण आणले. सप्टेंबरात लक्ष्मीबाईंच्या माणसांनी बाबुरावांना पकडून इंग्रजांच्या हवाली केले. चौकशी होऊन २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली. बंडखोरांच्या जप्त झालेल्या जमीनदारीतील गावे लक्ष्मीबाईंना बक्षीस मिळाली.

येथे व्यक्तींची तुलना करण्याचा मोह आवरला पाहिजे. शेडमाके यांनी शस्त्र उचलले होते. खटल्याच्या कायदेशीर स्वरूपात त्यांचे साम्य कोणाशी असेलच तर ते बरब्बाशी आहे. उठावात खून केलेल्या बंडखोरांबरोबर तो बांधला गेला होता, असे मार्क सांगतो. येशूच्या अनुयायांची धरपकड पिलाताने केली नाही, यावरून त्याच्यापुढे सशस्त्र चळवळ नव्हती हे त्यालाही कळत होते असे दिसते. समांतर आहे ती रचना. साम्राज्याला हव्या असलेल्या माणसापर्यंत साम्राज्याचा हात थेट पोचत नाही. तो स्थानिक मानकऱ्याच्या हातातून पोचतो. त्या मानकऱ्याचे मानपान, जमीन आणि आप्तांची सुरक्षितता साम्राज्याच्या मर्जीवर असते. मानकऱ्याने माणूस दिला नाही तर त्याचे स्वतःचे स्थान जाते. माणूस दिला की निकाल साम्राज्याचा, दोर साम्राज्याचा आणि दस्तऐवजही साम्राज्याचाच. पण लोकस्मृतीत शिव्याशाप मानकऱ्याला मिळतात.

चांद्याच्या लोकस्मृतीने एवढे केले. लक्ष्मीबाईंचे नाव ती विसरलेली नाही. मात्र तिने एक गोष्ट केलेली नाही. 'गोंडांनी बाबुरावांना मारले' असे राजुऱ्यापासून अहेरीपर्यंत कोणी म्हणत नाही. उद्या कोणी म्हटलेच तर ऐकणारा त्याला वेड्यात काढील. लक्ष्मीबाई गोंड होत्या, त्यांची माणसे त्याच मातीतली होती, पकडून त्यांनीच दिले, हे सर्व खरे असूनही ते विधान खोटे आहे हे अशिक्षित माणसालाही कळते. कारण फाशी कोणी दिली आणि कोणाच्या कायद्याने दिली हे त्याला ठाऊक आहे. मग ज्या वाचकाला चांद्याच्या बाबतीत हा विवेक सहज साधतो, तोच जेरुसलेमच्या बाबतीत 'यहूद्यांनी येशूला मारले' हे वाक्य निःशंकपणे कसे उच्चारतो? याचे उत्तर संहितेत सापडत नाही. ते वाचनाच्या सवयीत आहे.

७

या सवयीची किंमत मराठी प्रदेशातच मोजली गेली आहे. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन स्थापन झाले आणि मधला थोडा खंड वगळता १८१२ पर्यंत चालले. आरंभी त्याचा मुख्य रोख धर्मांतरित यहूद्यांवर होता. वैद्यकशास्त्रज्ञ गार्सिया द ओर्ता याची बहीण कातारिना हिला १५६९ मध्ये जाळण्यात आले. १५८० साली खुद्द ओर्ताची हाडे उकरून जाळली गेली. इन्क्विझिशनच्या कार्यपद्धतीतील एक कलम येथे महत्त्वाचे आहे. धर्मन्यायालय स्वतः रक्त सांडत नसे. ते दोष ठरवी आणि आरोपीला 'लौकिक सत्तेच्या' स्वाधीन करी. जाळण्याचे काम राजाचे अधिकारी करीत. कयफाच्या सभेला ज्या गोष्टीबद्दल शतकानुशतके दूषण दिले गेले, तीच गोष्ट कार्यपद्धती म्हणून स्वीकारली गेली. फरक एवढाच की येथे धर्मन्यायालय अंकित प्रजेचे नव्हते, ते सत्ताधाऱ्यांचेच होते.

स्टीफन्स १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास पोचला. ओर्ताची हाडे जाळली गेली ती त्यानंतरच्या वर्षी. १५८३ मध्ये साष्टीतील कुंकळ्ळी येथे पाच जेझुइट मारले गेले आणि त्यांचे मृतदेह परत मिळवण्याच्या कामात स्टीफन्स होता. त्यानंतर कुंकळ्ळीच्या गावकरांना बोलणी करण्यासाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून कोणत्याही चौकशीविना ठार करण्यात आले. तेहेतीस वर्षांनी, त्याच साष्टीतील रायतूर येथे, 'क्रिस्तपुराण' छापले गेले. अन्यायी खटल्याची कथा सांगणारे हे मराठी काव्य ज्या श्रोत्यांसाठी रचले गेले, त्यांना खटल्याविना झालेल्या वधाची आठवण होती. त्या श्रोत्यांनी पिलाताच्या वाड्याचे वर्णन ऐकताना कोणता वाडा डोळ्यांपुढे आणला असेल, हा प्रश्न कोणत्याही वाङ्मयेतिहासाला पडायला हवा होता. त्याऐवजी भाषेची गोडी आणि ओव्यांची संख्या यांची वर्णने पिढ्यान्‌पिढ्या उतरवली गेली. यात स्टीफन्सच्या श्रद्धेवर किंवा काव्यशक्तीवर कोणताही आक्षेप नाही. आक्षेप आहे तो संहितेला तिच्या सत्तासंबंधांपासून अलग करून 'मराठीची थोरवी' एवढ्यापुरती वापरणाऱ्या समीक्षेवर.

८

यावर तीन आक्षेप घेतले जाण्याचा संभव आहे. पहिला असा की या मांडणीमुळे कयफा निर्दोष सुटतो. तो सुटत नाही. लक्ष्मीबाईंची जबाबदारी जशी त्यांची स्वतःची राहते तशी कयफाचीही राहते. मध्यस्थाची अडचण समजून घेणे म्हणजे त्याला माफ करणे नव्हे. प्रश्न आहे तो त्याची जबाबदारी त्याच्या लोकांवर, आणि त्या लोकांच्या वंशजांवर, पसरवण्याचा. रोमन कॅथलिक चर्चने २८ ऑक्टोबर १९६५ च्या घोषणापत्रात हा विस्तार स्पष्टपणे नाकारला: येशूच्या यातनांचा दोष त्या काळच्या सर्व यहूद्यांना सरसकट देता येत नाही आणि आजच्या यहूद्यांना तर मुळीच देता येत नाही, अशा आशयाचे ते विधान आहे. चर्चने सोडलेली भूमिका सेक्युलर म्हणवणाऱ्या मराठी समीक्षेने सवयीने जपावी, यात काहीतरी विपरीत आहे.

दुसरा आक्षेप श्रद्धेच्या बाजूचा: खटल्याला कायद्याच्या चौकटीत बसवले की त्याचा तारणविषयक अर्थ हरवतो. पण ख्रिस्ती विश्वासाच्या सूत्रातच पंतय पिलाताचे नाव आहे. कयफाचे नाही, यहूद्यांचेही नाही. ज्या परंपरेने आपल्या विश्वासाच्या केंद्रस्थानी एका प्रांताधिकाऱ्याचे नाव ठेवले, तिला इतिहासाचे वावडे आहे असे तिच्या वतीने इतरांनी ठरवू नये.

तिसरा आक्षेप अधिक नव्या वळणाचा: ही वासाहतिक रचना एकदा मान्य केली की येशू हा साम्राज्यविरोधी बंडखोर ठरतो, आणि मग शेडमाके व येशू यांना एकाच ओळीत उभे करणारे लेखन सुरू होते. तसे लेखन झाले तर ते पहिल्या चुकीच्या जागी दुसरी चूक बसवील. निःशस्त्र उपदेशकाला बंडखोराच्या कलमाखाली मारले गेले, हा या खटल्यातील अन्याय आहे. त्याला बंडखोर ठरवणे म्हणजे दोषपत्रावरील पिलाताच्या मजकुरावर सही करणे होय.

शेवटी एक गोष्ट मराठीच्या अभ्यासकांना विशेषत्वाने लागू पडते. 'यहूदी' हा शब्द मराठीत दूरच्या, पुस्तकी लोकांचा वाचक नाही. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवतात म्हणून 'शनिवार तेली' म्हणून ओळखले गेलेले बेने इस्राएल शतकानुशतके मराठी बोलत आले. एकोणिसाव्या शतकात त्यांनी आपल्या धर्मकथा मराठी कीर्तनांतून सांगितल्या. ज्या भाषेत 'यहूद्यांनी मारले' हे वाक्य सहजपणे लिहिले जाते, ती भाषा त्यांची मातृभाषा आहे. त्या वाक्याचा वाचक कोण असू शकतो याचा विचार मराठी समीक्षेने केलेला नाही.

पदव्युत्तर अभ्यासक्रमात 'क्रिस्तपुराण' आणि 'ख्रिस्तायन' यांतील हा प्रसंग ठेवायचा असेल, तर त्याच्याबरोबर चार प्रश्नही ठेवावे लागतील: पकडले कोणी, आरोप कोणत्या भाषेतून कोणत्या भाषेत गेला, शिक्षा कोणाच्या कायद्याची, आणि दोषपत्र कोणी लिहिले. या प्रश्नांची उत्तरे न शोधता विद्यार्थ्याने करुणरसावर टिपण लिहिले, तर त्याला पूर्ण गुण देणाऱ्या परीक्षकाने आपण कोणता निवाडा कायम करीत आहोत याचा विचार करावा.